रविवारची सुट्टी आणि राष्ट्रवादाचा हिशेब

डोंबिवलीतील एका बुद्धविहारात दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर आम्ही तासभर बसतो. कुणाची कोर्टकचेरी असते, कुणाचा थकलेला पगार, कुणाची जातपडताळणी अडलेली. मध्यंतरी एका रविवारी जमलेल्या तरुणांना आम्ही सहज विचारले, की ही रविवारची सुट्टी आपल्याला दिली कुणी? बहुतेकांचे उत्तर एकच होते, इंग्रजांनी. ते खिश्चन, चर्चला जाणारे, म्हणून त्यांनी सुट्टी दिली, असे एकाने कारणही सांगितले. त्याच दिवशी एक मुलगा आला नव्हता. भिवंडीच्या एका गोदामात तो ठेकेदारामार्फत कामाला आहे. परदेशी कंपन्यांचा माल तिथून घरोघरी जातो. हा मुलगा पूर्वी न चुकता विहारात येत असे. आता त्याला रविवार नाही, कारण सुट्टी मागितली की दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवतात. नेमणूकपत्र नाही, त्यामुळे तो कामगार आहे हे सिद्ध करण्यापासून आमची सुरुवात.

ज्या माणसाने या देशातल्या कामगाराला रविवार मिळवून दिला, तो माणूस आमच्याच ठाण्यात जन्मला होता. आणि ठाण्यातल्या दहा माणसांना विचारले तर नऊ जणांना त्याचे नाव सांगता येत नाही. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे हे ते नाव. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, दीनबंधूचे संपादक, भारतीय कामगार चळवळीचे जनक. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण म्हणजे आपल्या भाषेत खाऊजा, यावर आपण गेली तीस-पस्तीस वर्षे बोलतो आहोत. राष्ट्रवादावर तर आता रोज उठून प्रवचने ऐकावी लागतात. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे समजून घ्यायचे असेल तर लोखंडे यांचे आयुष्य वाचले पाहिजे, असे आमचे मत आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. त्याच वर्षी जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी, परिस्थिती गरिबीची. पोट भरण्यासाठी ठाण्यात आलेले कुटुंब. म्हणजे आजच्या भाषेत बाहेरून आलेले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यात पोहोचली, तेव्हा नारायण चार-पाच वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. ही गाडी आपल्या सोयीसाठी आली नव्हती. घाटावरचा आणि वऱ्हाड-खानदेशातला कापूस बंदरावर नेणे आणि विलायती कापड आत पाठवणे हे तिचे मोठे काम होते. जागतिकीकरण १९९१ साली आले असे आपण मानतो. ठाणे-कल्याणच्या लोकांच्या दारात ते १८५३ सालीच शिट्टी वाजवत आले होते.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी गब्बर झाले, आणि युद्ध संपताच १८६५ साली बाजार कोसळला. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली होती. पुढे त्यांची संख्या वाढत गेली आणि मुंबईचे सूत चीनच्या बाजारपेठेत विकले जाऊ लागले. चीनमधली मागणी, मँचेस्टरचा भाव आणि अमेरिकेतला कापूस यांवर परळ-भायखळ्याच्या चाळीतली चूल पेटायची की नाही हे ठरू लागले. कोकणातून आणि साताऱ्याकडून आलेला माणूस त्या गिरणीत सूर्य उगवण्यापूर्वी शिरायचा आणि सूर्य मावळल्यावर बाहेर पडायचा. तेव्हा गिरणीत विजेचे दिवे नव्हते, म्हणून दिवसाचा उजेड हेच घड्याळ. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून राबणूकही मोठी. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. सणावाराच्या मोजक्या सुट्ट्या, त्याही मालकाच्या मर्जीवर. पगार एकेक महिना मागे ठेवलेला. बायका आणि लहान मुले याच रगाड्यात.

लोखंडे मॅट्रिकपर्यंत शिकले. रेल्वे आणि टपाल खात्यात त्यांनी नोकरी केली आणि नंतर मांडवी येथील एका कापडगिरणीत ते स्टोअरकीपर झाले. ही नोकरी तशी बरी होती. चारचौघांसारखे गप्प राहिले असते तर त्यांचे आयुष्य सुखात गेले असते. परंतु सत्यशोधक समाजाचा विचार ज्याने पचवला तो गप्प राहू शकत नाही. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात दीनबंधू हे पत्र सुरू केले होते. ते पैशाअभावी अडचणीत आले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईत आणून स्वतःच्या खांद्यावर घेतले. शेटजी-भटजींची पत्रे बरीच होती, शेतकरी-कामकऱ्यांचे पत्र हे एवढेच. बहुजनांचे दैनिक चालवताना आज आपल्याला जी दमछाक होते, तिची सुरुवात तिथून आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हिंदुस्थानातील गिरण्यांवर कायद्याचे बंधन आणावे, अशी मागणी विलायतेत होऊ लागली. ती करणाऱ्यांमध्ये काही खरोखर भूतदयेने बोलणारे होते, पण मोठा जोर मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा होता. त्यांच्या देशात कामाच्या तासांवर बंधन, आणि मुंबईत मोकळे रान. त्यामुळे मुंबईचा माल स्वस्त पडतो, ही त्यांची पोटदुखी. त्यांचा स्वार्थ उघड होता. त्याच मँचेस्टरच्या दबावामुळे १८८२ साली विलायती कापडावरचा आयातकर रद्द झाला आणि १८९६ साली देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनकर बसला. त्याविरुद्ध देशी पुढारी ओरडले, ते योग्यच होते. आम्ही ते नाकारत नाही.

पण कारखाना कायद्याची गोष्ट निघाली तेव्हा हीच मंडळी काय म्हणाली? राष्ट्रवादी म्हणवणाऱ्या बहुतेक वृत्तपत्रांनी पवित्रा घेतला, की हा कायदा म्हणजे देशी उद्योग बुडवण्याचा परक्यांचा कट आहे. आपला उद्योग अजून बाल्यावस्थेत आहे, त्याला मुक्तपणे वाढू द्या. कामगारांची काळजी आपण मागाहून घरातल्या घरात करू. म्हणजे गिरणीमालकाचा नफा हे राष्ट्राचे हित ठरले, आणि सात-आठ वर्षांच्या पोराने रोज राबणे ही राष्ट्रसेवा ठरली. काँग्रेसचे एक मोठे पुढारी दिनशा वाच्छा हे गिरणीधंद्याशी आणि गिरणीमालकांच्या संघाशी जोडलेले होते. राष्ट्राच्या वतीने कोण बोलत होते हे यावरून कळते. अपवाद होते, ते मान्य केले पाहिजेत. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी गिरणी कामगारांसाठी कायदा व्हावा म्हणून १८७८ पासून खटपट केली. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला, पण तो शंभर कामगारांच्या वरच्या कारखान्यांना आणि तोही मुलांपुरता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, एवढेच. मोठ्या माणसांना आणि बायकांना काहीच नाही.

लोखंडे यांच्यापुढे प्रश्न होता तो हा. मँचेस्टर स्वार्थी आहे हे त्यांना दिसत होते. पण ज्याच्या पाठीवर ओझे आहे, त्याने ते उतरवणारा हात कुणाचा आहे हे आधी तपासत बसावे काय? आणि देशी मालक देशी आहे म्हणून त्याने दिलेला मार गोड मानावा काय? लोखंडे यांनी दोन्हीला नकार दिला. त्यांनी मँचेस्टरची वकिली केली नाही. त्यांनी कामगारालाच बोलते केले, आणि तेच राष्ट्रवाद्यांना सर्वांत जास्त झोंबले. कारण कामगार स्वतः बोलू लागला तर त्याच्या नावाने दुसऱ्याला बोलता येत नाही.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. हिंदुस्थानातील कामगारांच्या या पहिल्या संघटित सभा मानल्या जातात. मागण्या पाच. दर रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला पगार आणि अपंग झालेल्याला निर्वाहाची सोय मिळावी. कारखाना आयोगापुढे ठेवण्यासाठी या मागण्यांवर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. त्या जमान्यात अंगठा उठवणे म्हणजे नोकरी पणाला लावणे होते. याच काळात मुंबईतील गिरणी कामगारांची संघटना, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन, उभी राहिली. काँग्रेसची स्थापना डिसेंबर १८८५ ची. म्हणजे या देशातला कामगार काँग्रेसच्या आधी सव्वा वर्ष आपली मागणी घेऊन उभा होता, हे इतिहासाच्या पुस्तकात ठळकपणे येत नाही.

मालक लगेच बधले नाहीत. सहा वर्षे लोखंडे चिकाटीने मागे लागले. रविवार हा खंडोबाचा वार आहे, बहुजनांच्या देवाचा दिवस आहे, आणि सहा दिवस मालकासाठी राबल्यावर एक दिवस माणसाला स्वतःसाठी आणि समाजासाठी मिळाला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आम्ही खंडोबाला जात नाही, पण एक दिवस समाजासाठी हा विचार आमचाच आहे. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनी त्या सभेत भाषणे केली. १८९० सालची ही गोष्ट आहे, हे आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगाच्या कामात लोखंडे यांनी कामगारांची बाजू मांडली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्धा तास विश्रांती, स्त्रियांना अकरा तासांची आणि मुलांना सात तासांची मर्यादा हे सारे कागदावर आले. इंग्रजांनी दिले म्हणणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा. आधी परळच्या अंगठ्यांचे कागद, मग महालक्ष्मीचे मैदान, आणि मग कायदा.

लोखंडे यांचे काम गिरणीच्या फाटकापाशी थांबत नव्हते. विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार मुंबईच्या नाभिक बांधवांनी १८९० साली केला, त्यामागे लोखंडे आणि त्यांचे दीनबंधू उभे होते. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली. एकाच खात्यात शेजारी शेजारी राबणारे कामगार एकमेकांवर धावून गेले. लोखंडे यांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांच्या लोकांना एकत्र आणून सलोख्याची सभा घेतली. त्याच सुमारास पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवातून राष्ट्र जागे करण्याचा उद्योग सुरू झाला होता. एका बाजूला धर्माच्या नावाने राष्ट्र बांधू पाहणारे, दुसऱ्या बाजूला दंगलीत फाटलेल्या माणसांना शिवणारे. राष्ट्रवादी कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

लोखंडे यांना देव करण्याची आमची इच्छा नाही. चळवळीने आपल्या माणसांचेही परखडपणे मोजमाप केले पाहिजे. जोतीरावांच्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे त्यांनी दीनबंधूत छापली आणि पुढची थांबवली. जोतीराव त्यामुळे नाराज झाले, ते उगाच नव्हे. सरकारने १८९५ साली दिलेली रावबहादूर पदवी लोखंडे यांनी स्वीकारली. त्यांच्या संघटनेला वर्गणी, सभासद, नियम असे आजच्या युनियनसारखे काही नव्हते. आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे, गिरणीतल्या विणाई खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धाग्याला तोंड लावावे लागते, म्हणून विटाळ. जास्त पगाराचे खाते त्यामुळे आपल्या माणसांना बंद. १८८४ च्या पाच मागण्यांत हा प्रश्न नाही. तो गिरणी कामगार चळवळीच्या तोंडावर ठेवण्यासाठी १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना उभे राहावे लागले. लोखंडे यांच्या कामाची मर्यादा तिथे होती. पण रस्ता त्यांनी पाडला होता, हेही तितकेच खरे.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला. तोही जागतिक व्यापाराबरोबर बंदरातून आलेला. पैसेवाले शहर सोडून गेले. लोखंडे गेले नाहीत. त्यांनी रुग्णांसाठी इस्पितळ उभे केले, चाळीचाळींतून हिंडले, आणि त्याच प्लेगने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा बळी घेतला. वय अवघे अठ्ठेचाळीस. बरोबर महिन्याने, १० मार्चला, पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीमाई गेल्या. देशासाठी मरणे म्हणजे काय, याची आमची व्याख्या या दोन मृत्यूंवरून ठरते.

आता कुणी म्हणेल, कामगारांनी राष्ट्रासाठी काय केले? १९०८ साली टिळकांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, गोळ्या खाल्ल्या. ज्या राष्ट्रवादाने कामगाराच्या सुट्टीच्या वेळी तोंड फिरवले, त्याच्या हाकेला कामगार धावला. देणे कामगाराचे झाले. घेणे मात्र बाकी राहिले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हेच बजावले होते, की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र असल्याच्या भ्रमात राहू नयेत. राष्ट्र व्हायचे आहे, आणि ते समतेवाचून, बंधुतेवाचून होणार नाही. जोतीरावांनीही लोक एकमय झाल्याशिवाय राष्ट्र कसले, असाच सवाल केला होता.

वकील म्हणून आम्ही एक आकडेवारी वाचकांपुढे ठेवतो. ती कायद्याच्या पुस्तकातली आहे. प्रौढ पुरुष कामगाराच्या तासांवर पहिली मर्यादा १९११ च्या कायद्याने आली, कापडगिरणीत दिवसाला बारा तास. १९२२ साली ती अकरावर आली, आठवड्याला साठ. १९३४ साली दहा, आठवड्याला चोपन्न. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, त्यांच्या प्रयत्नांतून १९४६ साली आठवड्याला अठ्ठेचाळीस तास झाले. १९४८ च्या कायद्यात दिवसाला नऊ. या पायऱ्या उतरायला सदतीस वर्षे लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास करण्याचा निर्णय घेतला. आठवड्याची अठ्ठेचाळीसची मर्यादा कायम आहे, जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले जाते. ठेकेदाराच्या कामगाराची संमती म्हणजे काय, हे आम्ही ठाण्याच्या कामगार न्यायालयात पाहत असतो. ज्याला उद्या गेटवर घेतील की नाही हे माहीत नाही, तो कोणत्या कागदावर सही नाकारणार? कारण काय दिले जाते? गुंतवणूक आली पाहिजे, जागतिक स्पर्धेत टिकले पाहिजे, देश पुढे गेला पाहिजे. १८८० च्या दशकातले शब्द जसेच्या तसे. तेव्हा मँचेस्टरचे भय होते, आता चीनचे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला कपात किंवा टाळेबंदीसाठी सरकारची परवानगी लागे, आता ती तीनशेच्या पुढे. ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथे आता काचेच्या इमारती आहेत. आंबिवलीचा मोठा रेयॉन कारखाना २००९ मध्ये बंद पडला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला, माणसे मेली. २३ मे २०२४ रोजी पुन्हा झाला, पुन्हा मेली. मेलेला कामगार मराठी होता की उत्तर भारतीय, हे रसायनाने विचारले नाही.

आणि आमच्याकडे राष्ट्रवाद आणि अस्मिता कुठे दिसते? ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मुंबई-ठाणे परिसरात मारहाण झाली आणि पाठोपाठ कल्याण-डोंबिवलीत जाळपोळ, दगडफेक. मारणारा बेकार, मार खाणारा बेकार. ज्या नोकऱ्यांसाठी हे झाले, त्या कायम नोकऱ्या खाऊजाने केव्हाच ठेकेदारीत वळवल्या होत्या, आणि ठेकेदारीबरोबर आपले आरक्षणही गेले होते. त्यावर एकही दगड पडला नाही. कन्हेरसरहून आलेल्या कुटुंबातला ठाण्याचा नारायण लोखंडे या लोकांना विचारेल, की बाहेरचा कोण आणि आतला कोण? राबणारा आत आहे की बाहेर?

२००५ साली केंद्र सरकारने लोखंडे यांच्या नावाने टपाल तिकीट काढले. परळच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. तिकिटावर चित्र असून भागत नाही. नव्या संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. चार संहितांत आपल्या कामाचे जे थोडे आहे, त्यात हे एक. मँचेस्टरच्या स्वार्थातून आलेल्या कायद्याचा लोखंडे यांनी कामगारासाठी उपयोग करून घेतला, तसा आपण याचा करून घेतला पाहिजे. ठाणे, भिवंडी, कल्याण, अंबरनाथच्या प्रत्येक विहारात रविवारी वंदनेनंतर एक वही ठेवा. कुणाला नेमणूकपत्र नाही, कुणाला आठवड्याची सुट्टी नाही, कुणाला पावतीशिवाय पगार मिळतो, त्यांची नावे लिहा. जात विचारू नका, भाषा विचारू नका. परळला १८८४ साली साडेपाच हजार अंगठे एका कागदावर आले होते. आपल्या हातात आज लेखणी आहे.

भिवंडीच्या गोदामातला तो मुलगा त्या वहीतले पहिले नाव असेल. १० जूनला आम्ही विहारात नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रतिमा ठेवणार आहोत. त्या दिवशी त्याला सुट्टी मिळते की नाही, यावर या राष्ट्राविषयीचे आमचे मत अवलंबून आहे.

जय भीम, जय जोती.